धुतलेले मीठ : 'स्मृतिचित्रां'तील श्रद्धेविषयी

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी मराठी वाचकांत मतभेद असा फारसा कधी झालाच नाही. १९३४ पासून हे आत्मचरित्र भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि चौथा भाग त्यांच्या मागे वाचकांच्या हाती आला. तेव्हापासून आजतागायत हे पुस्तक मराठीने जिवापाड जपले आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्यातले उतारे आले. १९८२ मध्ये विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची यादी कोणीही करावी, तीत हे नाव पहिल्या चार-पाचांत येणारच.

असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, या पुस्तकाच्या बाबतीत आपण एक अन्याय सतत करीत आलो आहोत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. 'स्मृतिचित्रां'ची स्तुती करताना आपले शब्द ठरलेले असतात: सहजता, भाबडेपणा, निर्मळ विनोद, घरगुती बोली, लहरी नवरा आणि सोशीक बायको. हे सारे त्या पुस्तकात आहे, यात शंका नाही. पण ज्या गोष्टीमुळे या बाईच्या आयुष्याचे दोन भाग झाले, ती गोष्ट आपण स्तुतीच्या यादीत घेत नाही. तिचे ख्रिस्ती होणे आपण एक आपत्ती म्हणून वाचतो. लहरी नवऱ्याच्या अनेक लहरींपैकी ती सर्वांत मोठी, आणि पतिव्रतेने तीही निभावून नेली, असा काहीसा आपला समज असतो. पूर्वार्ध आपल्याला तोंडपाठ असतो; उत्तरार्ध आपण भरभर उलटतो.

मी हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझे स्वतःचे वाचन वर्षानुवर्षे असेच होते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका ख्रिस्ती गृहस्थांच्या अंत्यविधीसाठी मी प्रथमच एका मराठी चर्चमध्ये जाऊन बसलो. तेथे सारे परके असणार, ही माझी खात्री होती. दाराशी चपलांची रांग होती. आत पेटी होती, तबला होता आणि जे गाणे म्हटले गेले ते टिळकांचे होते. चाल ओळखीची, शब्द ओळखीचे; पण शेजारची म्हातारी ज्या रीतीने डोळे मिटून ते म्हणत होती, ती रीत मला ओळखीची असूनही तेथे अनपेक्षित होती. आळंदीला अशीच म्हातारी मी पाहिली होती. त्या दिवशी घरी येऊन मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढले, आणि या वेळी उत्तरार्धापासून वाचायला घेतले.

मराठी मनात ख्रिस्ती धर्माविषयी जो पूर्वग्रह रुजला त्याचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. तो मुख्यतः तत्त्वज्ञानाचा नव्हता. त्रैक्य, अवतार, पापक्षमा यांविषयी वाद झाले ते पंडितांत आणि मिशनऱ्यांत. सामान्य माणसाच्या लेखी प्रश्न होता तो अन्नपाण्याचा. आपल्या भाषेत धर्मांतराला जो शब्द रूढ झाला तो 'बाटणे' हा आहे, आणि माणूस बाटतो तो विचाराने नव्हे, तोंडावाटे. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरीही तो तेथे राहिला-जेवला एवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबई-पुण्यात रण माजले, आणि त्याची बाजू घेतली म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारख्यांनाही पुष्कळ सोसावे लागले. श्रीपतने काय मानले हे कोणी विचारले नाही. त्याने काय खाल्ले, हे सर्वांनी विचारले.

आता या पार्श्वभूमीवर मराठीतील ज्या नामवंतांनी हा पूर्वग्रह ओलांडला, त्यांचे मार्ग पाहावेत. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि १८८८ साली त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. नावाप्रमाणेच त्यात अंधार आणि उजेड यांची वाटणी पक्की आहे. पदमनजींचा प्रवास हा शंका, वाचन, वाद आणि निर्णय असा आहे. वाचकापुढे एक खटला उभा राहतो आणि साक्षीपुरावे क्रमाने मांडले जातात. पंडिता रमाबाईंच्या हाती सिल्चरला असताना लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत आली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नंतर सापडला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा तर प्रसिद्धच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते म्हणून वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पदमनजी, रमाबाई आणि टिळक, तिघेही वाचणारी माणसे. तिघांच्याही पूर्वग्रहाला पहिली चीर पडली ती पुस्तकाने. युरोपातही ही परंपरा जुनी आहे. संत ऑगस्टीन मिलानच्या बागेत ग्रंथ उघडून वाचतो आणि त्याचे आयुष्य पालटते. धर्मांतराच्या साहित्यात वाचनाचा हा क्षण इतका ठरून गेला आहे की, तो नसला तर आपल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

लक्ष्मीबाईंपाशी तो क्षण नाही. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्या हट्टामुळे आणि तीही जेमतेम. त्यांचा पूर्वग्रह डोक्यात नव्हताच. तो हातात होता, जिभेवर होता, पोटात होता. आणि तो तेथे कसा आला हे त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची; मीठसुद्धा धुवायचे! घरातल्या बायकांनी या वेडापायी काय भोगले त्याचे वर्णन वाचताना आपण हसतो. लक्ष्मीबाईंनी ते हसण्यासाठीच लिहिले आहे, असे आपण समजतो. परंतु पुढचे सारे पुस्तक ध्यानात घेऊन या आरंभाकडे परत आले म्हणजे कळते की, हे केवळ विनोदी प्रास्ताविक नव्हे. या घरातील सोवळे देवाच्या प्रेमातून आलेले नव्हते. ते भीतीतून आले होते. बाहेरच्या जगाने एकदा जबर घाव घातला, आणि तेव्हापासून बाहेरून येणारे सारेच धुतल्याशिवाय आत घ्यायचे नाही, असा नियम झाला. धुतलेल्या मिठातले काय उरते, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही.

अशा घरातील मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे हा 'स्मृतिचित्रां'चा खरा गाभा आहे. प्रथम वियोग, मग पुन्हा एकत्र येणे. परंतु एकत्र आल्या तरी त्या आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, स्पर्शास्पर्शाचे नियम जसेच्या तसे. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत होते आणि त्यांची सीमा चुलीपाशी होती.

मग एके दिवशी ही सीमा मोडली. कशी मोडली? कोणी प्रवचन केले नाही, स्वप्न पडले नाही, आकाशातून वाणी झाली नाही. लक्ष्मीबाई बसल्या बसल्या विचार करू लागल्या की, हा जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता, तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा अंगावरून ओळखू येतात तशा माणसांच्याही आल्या असत्या. त्या तशा येत नाहीत. तेव्हा हे काम माणसाचे. आणि माणसाचे असेल, तर आपण उद्यापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला हरकत नाही. बस्स, एवढेच. पंडितांनी ज्यावर ग्रंथ लिहिले ते या बाईने धान्य निवडावे तसे निवडून बाजूला केले.

या ठिकाणी टीकाकाराने क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांनी सोवळे सोडले, असे घडले नाही. सोवळे आधी सुटले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. म्हणजे त्यांनी प्रथम माणसाला आत घेतले, आणि त्या उघड्या राहिलेल्या दारातून त्यांचा देव आत आला. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी भांड्यापाण्याचा व्यवहार ठेवीत नसत. असे असता येशू विहिरीकाठी एका शोमरोनी बाईजवळ प्यायला पाणी मागतो, आणि ती चकित होते. इंग्लंडातील फुलम येथे पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींकडून रमाबाईंनी ही कथा ऐकली, आणि तिचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्यांनी नमूद करून ठेवला आहे. रमाबाईंना ती कथा परदेशात ऐकायला मिळाली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती कथा त्यांच्याच स्वयंपाकघरात घडली. मला वाटते, ख्रिस्ती श्रद्धेचा इतका प्रत्यक्ष, इतका पाण्यासारखा अनुभव मराठीत दुसऱ्या कोणी नोंदलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. हे सारे खरे असले तरी ती श्रद्धा कशावरून? नवऱ्यावरील प्रेमाने एका बाईने त्याचा धर्म पत्करला, एवढेच यातून सिद्ध होत नाही का? शिवाय, स्वतः लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी, आपल्या अंतरीच्या झगड्याविषयी फार थोडे बोलतात. हे दुसरे विधान मान्यच करावे लागेल. रमाबाईंच्या साक्षीत जी आत्मपरीक्षणाची धग आहे ती 'स्मृतिचित्रां'त नाही, आणि उत्तरार्धात प्रसंगांची वीण सैल होत जाते, हेही खरे आहे. परंतु पहिल्या विधानाला पुस्तकच उत्तर देते. केवळ नवऱ्यासाठी धर्म घ्यायचा असता तर पाच वर्षे थांबण्याचे कारण नव्हते. आणि सोवळे सांभाळून संसार चाललाच होता, तेव्हा धर्म घेतला नसता तरी संसार मोडणार नव्हता. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांच्यासाठी पत्करलेला धर्म त्यांच्याबरोबर संपायला हवा होता. तसे झाले नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते आणि ते अगदी थोड्या अध्यायांवर राहिले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. काव्य म्हणून 'ख्रिस्तायना'ची योग्यता 'स्मृतिचित्रां'च्या जवळपासही नाही, हे मी जाणून आहे. पण जिला मोठेपणी कशीबशी अक्षरे जुळवता येऊ लागली अशा बाईने उतारवयात एवढी ओवी लिहावी, याला पतिभक्ती हे कारण पुरत नाही. पतीची इच्छा म्हणून माणूस एखादा अध्याय पुरा करील. ६४ अध्याय स्वतःच्याच गरजेने लिहिले जातात.

आणि आचरणाचा पुरावा त्याहून मोठा आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाच्या दिवसांत टिळकांच्या घरी अनाथ पोरे आली. कोणाची जात कोणती हे न विचारता ज्या हातांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, ते हात थोड्याच काळापूर्वी परक्याचा पाण्याचा थेंब अंगावर उडू नये म्हणून जपत होते. श्रद्धा अंतरंगाच्या वर्णनातच शोधायची असा आपला आग्रह असेल तर ती येथे सापडणार नाही. येथे ती क्रियापदांत आहे.

माझा पुढचा मुद्दा लक्ष्मीबाईंच्या विनोदाविषयी आहे. आपण या विनोदाला स्वभावाची देणगी म्हणून मोकळे होतो. वस्तुतः तो त्यांच्या श्रद्धेचाच आकार आहे, असे मी म्हणेन. धर्म बदललेल्या माणसाला आपल्या पूर्वायुष्याकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा असतात: एक तर ते काळे रंगवायचे, नाहीतर त्याच्यासाठी झुरायचे. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. वडिलांचे सोवळे, सासरचा जाच, माहेरच्यांचे रडणे, स्वतःची कडवी कर्मठता, हे सारे त्या एकाच हसऱ्या नजरेने पाहतात. आणि त्याच नजरेने मिशनच्या लोकांकडे, नव्या धर्मबांधवांकडे आणि खुद्द टिळकांकडेही पाहतात. त्यांच्या पुस्तकात 'अरुणोदय' नाही, कारण आधीच्या काळाला त्यांनी रात्र ठरवलेलेच नाही. जे हिंदू नातलग त्यांना अंतरले त्यांच्याविषयी एक कडवट वाक्य सापडत नाही. क्षमा हा शब्द त्या क्वचितच वापरतात. पण ज्याने स्वतःला क्षमा झाली असे अनुभवले आहे त्यालाच स्वतःच्या सोवळ्यावर असे हसता येते. म्हणून विनोद ठेवायचा आणि श्रद्धा वगळायची, हा व्यवहार येथे चालत नाही. एक काढले तर दुसरे निर्जीव होते.

पूर्वग्रह एकाच बाजूचा नसतो, हेही टिळक दांपत्याच्या चरित्रातून शिकायला मिळते. येथील माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे त्याने गाणे, वेष, बोलणे सारेच बदलावे, असे मानणारे लोक त्या गोटातही होते. वास्तविक १६१६ सालीच फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे छापले गेले होते, तेही ओवीबद्ध मराठीत. तो धागा पुन्हा हाती घेऊन टिळकांनी अभंग रचले, भजन-कीर्तन उपासनेत आणले. तुकारामानेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवले, असे ते मानीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. बाप्तिस्म्याचे पाणी हेही एक सोवळे होऊ शकते, हे या माणसाने ओळखले होते. त्यांच्या पत्नीने तेच आपल्या चुलीपाशी ओळखले होते.

या साऱ्याचा आजच्या वाचकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे कर्ते. एवढ्या वर्षांत प्रथमच एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या आसनावर बसत होता. त्यांची निवड होताच त्यांच्या पुस्तकांची चर्चा व्हावी, त्याऐवजी त्यांच्या झग्याची झाली. २०२४ साली दिब्रिटो गेले. त्यांच्या लेखनाचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांचे एखादे पुस्तक उघडले होते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. श्रीपत शेषाद्रीने काय खाल्ले हे विचारणारे आणि दिब्रिटोंनी काय घातले हे विचारणारे, यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. प्रश्नाची जात मात्र एकच.

आणि जे आपण आक्षेप घेत नाही, उलट उदारपणे 'स्मृतिचित्रां'ची स्तुती करतो, त्या आपले काय? आपणही ते पुस्तक घरात घेतले आहे, पण धुऊन घेतले आहे. त्यातला विनोद ठेवला, बोली ठेवली, बाईचा सोशिकपणा ठेवला. जे खारट होते, जे जिभेला लागले असते, ते पाण्याबरोबर जाऊ दिले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना आपण हसतो. पण मीठ धुण्याची ती रीत आपल्या समीक्षेत अजून चालू आहे.

मी ख्रिस्ती नाही, आणि हा लेख लिहून संपवताना ख्रिस्ती झालेलो नाही. लक्ष्मीबाईंचा देव माझा व्हावा, अशी त्यांच्या पुस्तकाची अटही नाही. देवाच्या दरबारात न बाटलेल्यांनाही बसता येत होते. या पुस्तकातही येते. अट एवढीच दिसते की, कोणाच्या हातचे पाणी आहे हे न विचारता आधी ते पिऊन पाहावे. ते गोड लागले की मचूळ, हे मग ज्याने त्याने आपल्या जिभेवरून सांगावे. उत्तरार्ध न उलटता वाचणे, एवढी सुरुवात तरी आपल्याला करता येईल.